बांधाच्या पायथ्याशी : कॅलिफोर्नियातील लॉक गावाचा भूगोल आणि इतिहास

सॅक्रामेंटो शहरातून नदीकाठच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की साधारण ४५ ते ५० किलोमीटरवर लॉक नावाचे जुन्या लाकडी घरांचे एक छोटे गाव लागते. या गावाबद्दल एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, या गावाला महापौर नाही आणि नगरपालिकाही नाही, मग कायद्याच्या दृष्टीने ते गाव तरी आहे का? दुसरा असा की, चिनी लोकांनी स्वतःच्या पैशाने उभारलेल्या या गावाची जमीन जवळजवळ नव्वद वर्षे त्यांच्या नावावर का झाली नाही? नदीचे पूररक्षक बांध हा माझ्या व्यवसायाचा विषय असल्यामुळे आणि याच खोऱ्यात काम करण्यात माझी बरीच वर्षे गेल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देत आहे. हे दोन प्रश्न वेगळे दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. लॉकमध्ये घर एकाचे आणि घराखालची जमीन दुसऱ्याची होती. नदीने घडवलेली जमीन आणि माणसांनी केलेले कायदे या दोहोंनी मिळून ही फारकत घडवून आणली.

आधी कायद्याचा भाग उरकून घेऊ. महाराष्ट्रात कोणतेही महसुली गाव घेतले तरी ते बहुधा ग्रामपंचायतीच्या, नगरपंचायतीच्या, नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीत येतेच, त्यामुळे ‘स्थानिक संस्था नसलेले गाव’ ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते. कॅलिफोर्नियात तसे नाही. तिथे संपूर्ण राज्य ५८ काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, वाटलेले आहे आणि एखाद्या वस्तीला शहराचा दर्जा हवा असेल तर तेथील रहिवाशांनी तशी मागणी करावी लागते, तिची छाननी होते आणि शेवटी मतदान होते. ज्या वस्तीने ही वाट धरली नाही, ती ‘अनइनकॉर्पोरेटेड’, म्हणजे स्वतःची नगरपालिका नसलेली, राहते आणि तिचा कारभार थेट काउंटीकडे असतो. लॉकचा कारभार सॅक्रामेंटो काउंटीचे निवडून आलेले पाच पर्यवेक्षक पाहतात, बंदोबस्त शेरीफचे खाते ठेवते, आणि आग विझवणे, शाळा, बांधांची निगा अशा एकेका कामासाठी वेगवेगळे ‘विशेष जिल्हे’, म्हणजे त्या कामापुरत्या स्थानिक संस्था, असतात. यात मागासलेपणाचा काही संबंध नाही. याच काउंटीत पाच लाखांहून अधिक लोक नगरपालिका नसलेल्या भागात राहतात आणि त्यांपैकी बहुतेकांची घरे सर्वसाधारण उपनगरांतली आहेत.

लॉकच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आजच्या कायद्यानुसार नवे शहर स्थापन करायला किमान ५०० नोंदणीकृत मतदार लागतात. लॉक भरभराटीला असताना तिथे सुमारे ६०० लोक कायमचे राहत होते, पण त्यांतील बहुसंख्यांना अमेरिकेचे नागरिक होण्याचीच मुभा नव्हती, मग मतदार होण्याची गोष्ट दूरच राहिली. पुढे कायद्याने ती मुभा दिली तेव्हा गाव रिकामे होऊ लागले होते. नगरपालिका मागायला माणसे होती तेव्हा अधिकार नव्हता आणि अधिकार आला तेव्हा माणसे उरली नव्हती. प्रत्यक्षात गावकी चालवली ती व्यापाऱ्यांनी आणि दक्षिण चीनमधील चुंगशान जिल्ह्यातून आलेल्या लोकांच्या ‘जान यिंग’ या मंडळाने. तंटे मिटवणे आणि अडल्यानडलेल्याला आधार देणे ही कामे अशा मंडळांतूनच होत असत.

आता भूगोलाकडे वळतो, कारण लॉक तिथेच का वसले याचे उत्तर नदीच्या काठाच्या घडणीत आहे. सॅक्रामेंटो आणि सॅन होआकिन या दोन नद्या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळण्यापूर्वी एका विस्तीर्ण त्रिभुज प्रदेशात फुटतात. हा प्रदेश मुळात भरती-ओहोटीची दलदल होता. उंच पाणगवत वाढायचे, कुजायचे, त्यावर पुन्हा वाढायचे, आणि हजारो वर्षांच्या या क्रमातून पीट नावाची काळी, हलकी, सेंद्रिय माती साठत गेली. नदीला पूर आला की पाणी काठ ओलांडताना आधी जड रेती आणि गाळ काठालगतच टाकते आणि बारीक माती घेऊन पुढे पसरते. त्यामुळे नदीच्या दोन्ही कडांना आपोआप एक उंचवटा तयार होतो आणि त्याच्या पाठीमागे जमीन खोलगट राहते. फ्रीपोर्ट, क्लार्क्सबर्ग, हूड, कोर्टलंड, लॉक, वॉलनट ग्रोव्ह, राइड अशी या भागातील गावे नदीला चिकटून माळेसारखी ओवलेली दिसतात, ती या नैसर्गिक उंचवट्यामुळे. यांपैकी एकालाही शहराचा दर्जा नाही. खाली आयल्टन तेवढे १९२३ मध्ये शहर झाले.

लॉक नदीच्या पूर्व काठावर, वॉलनट ग्रोव्हच्या अगदी उत्तरेला आहे. पश्चिमेला सॅक्रामेंटो नदी, पूर्वेला शेताडीपलीकडे स्नॉडग्रास स्लू नावाचा संथ फाटा, आणि दक्षिणेला १९५१ मध्ये खोदलेला एक कालवा, ज्याबद्दल पुढे लिहितो. समुद्र बराच दूर असूनही इथे नदीला भरती-ओहोटी जाणवते आणि कोरड्या ऋतूत प्रवाह मंदावला की भरतीच्या वेळी पाणी उलट वाहू लागते. नव्या माणसाला हे पाहून आपण दिशा चुकलो की काय असे वाटते.

नैसर्गिक उंचवटा मोठ्या पुराला पुरा पडत नाही, म्हणून त्यावर मातीचे बांध घातले गेले. १८५० च्या केंद्रीय कायद्याने दलदलीच्या जमिनी राज्यांना मिळाल्या, पुढे १८६८ मध्ये कॅलिफोर्नियाने एका माणसाने किती दलदल घ्यावी यावरची मर्यादा उठवली आणि मोठ्या भांडवलाच्या कंपन्या या जमिनींत उतरल्या. १८६९ मध्ये आंतरखंडीय रेल्वेमार्ग पूर्ण होऊन हजारो चिनी मजूर मोकळे झाले आणि त्यांतील अनेकजण ठेकेदारांमार्फत या बांधांवर आले. फावडे, टोपली आणि हातगाडी एवढ्या साधनांवर, मोजलेल्या मातीच्या घनयार्डाला ठरलेल्या दराने, कमरेएवढ्या पाण्यात आणि हिवतापाच्या हवेत त्यांनी हे काम केले. पीटमध्ये घोड्यांचे पाय रुतत, म्हणून घोड्यांच्या खुरांना रुंद पाट्यांसारखे जोडे बांधत असत. १८६० ते १८८० या वीस वर्षांत सुमारे ८८,००० एकर जमीन अशी कोरडी झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मजूर मुख्यतः दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशातून आले होते आणि बांध घालून पाण्यातून शेत काढणे हा त्यांच्या मुलखातला पिढीजात उद्योग होता. गोव्यातील खाजण किंवा कोकणातील खारभूमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र चटकन समजेल. बांध, आतले शेत, आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडणारी दारे, रचना तीच. फरक असा की खाजणात गावकरी बांधाचे धनी होते आणि इथे बांध घालणारा माणूस बांध पुरा झाल्यावर निघून जाण्यासाठीच आणलेला होता.

बांधांना आणखी एक संकट वरच्या अंगाने आले. सिएरा पर्वतात सोन्यासाठी पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी डोंगर फोडण्याचे काम चालू होते आणि त्याचा राडारोडा नदीतून खाली येऊन पात्र उथळ करत होता. पात्र वर आले की त्याच पुराचे पाणी बांधाच्या माथ्यावरून जाऊ लागते. १८८४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने नदीत राडारोडा सोडायला मनाई केली, पण तोवर आलेला गाळ पुढे अनेक दशके खाली सरकत राहिला. याच सुमारास तरंगते यांत्रिक गाळउपसे आले, हाताने बांध घालण्याचे काम घटले, आणि चिनी मजूर बांधावरून शेतात, म्हणजे नासपतीच्या बागांत आणि अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यांत गेले.

आता जमिनीच्या मालकीचा प्रश्न. अमेरिकेच्या १७९० च्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या केवळ ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींना नागरिक होण्याची मुभा दिली; १८७० मध्ये ती आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळाली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांचे येणे बंद केले आणि चिनी लोक नागरिकत्वाला अपात्र आहेत हेही स्पष्ट करून टाकले. या पायावर कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये परकीयांच्या जमिनीचा कायदा केला. त्यात चिनी किंवा जपानी असा शब्द कुठेही नाही. ‘नागरिकत्वाला अपात्र असलेले परकीय’ एवढेच म्हटले की कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळत होते. अशा परकीयांना शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि भाडेपट्ट्याने घेतली तरी तीन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी नाही, असे त्यात ठरले; १९२० मध्ये भाडेपट्ट्याची वाटही बंद झाली. आपल्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही ‘गोरे’ मानायला नकार दिला, आणि हाच जमीन कायदा कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांच्या मानेवर बसला. याच त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व कडेला असलेल्या स्टॉकटनमध्ये १९१२ पासून त्यांचा गुरुद्वारा आहे.

या पार्श्वभूमीवर लॉकची स्थापना पाहावी. सदर्न पॅसिफिक रेल्वेने नदीकाठी माल भरण्याचा धक्का आणि फळे बांधण्याची शेड उभारली होती. शेतमाल नावेतून उतरून डब्यात चढे आणि त्यामुळे मजुरांची वर्दळ वाढली. १९१२ मध्ये टिन सॅन चॅन यांनी तिथे पहिली इमारत बांधली आणि पाठोपाठ आणखी दोन झाल्या. मग ७ ऑक्टोबर १९१५ रोजी वॉलनट ग्रोव्हमधील चिनी वस्ती आगीत जळून खाक झाली. त्या वस्तीत दोन वेगवेगळ्या मुलखांचे, वेगवेगळ्या बोली बोलणारे चिनी लोक राहत होते. सझ यप भागातले लोक तिथेच पुन्हा बांधायला लागले, तर चुंगशान भागातल्या लोकांनी, आपले वेगळे गाव असावे म्हणून, ली बिंग यांच्या पुढाकाराने शेजारच्या नासपतीच्या बागेचे मालक जॉर्ज लॉक यांच्याशी बोलणी केली. ठरले ते तोंडी ठरले : जमीन लॉक कुटुंबाची, तिचे भाडे महिन्याच्या महिन्याला, आणि त्यावरची घरे बांधणाऱ्यांची. गावाचे सुरुवातीचे नाव लॉकपोर्ट होते, पुढे नुसते लॉक राहिले.

अनेक ठिकाणी हा प्रसंग एका दिलदार जमीनदाराची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तो तितकासा पटत नाही. लॉक कुटुंबाने शब्द पाळला आणि भाडेही अवाजवी वाढवले नाही हे मान्य, पण ज्याच्याकडे जमीन आहे त्याला ठरावीक उत्पन्न आणि बागेसाठी हाताशी मजूर मिळत होते, आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याला दुसरा पर्यायच नव्हता. लेखी करार नसल्यामुळे घर विकताना फक्त लाकूड आणि पत्रा विकला जाई. जमिनीवर हक्क नसल्यामुळे बँकेचे कर्ज मिळत नसे, आणि मोठी डागडुजी करताना माणूस दहा वेळा विचार करत असे. घरांवर रंगाचे हात फारसे चढले नाहीत, पाये नीट केले गेले नाहीत, यामागे गरिबी होती तसेच हेही कारण होते. ज्या झिजलेल्या, रंग उडालेल्या फळ्यांचे आज पर्यटक फोटो काढतात, त्या फळ्यांत हा हिशेब लिहिलेला आहे.

इमारतींची रचना मात्र बांधकाम समजणाऱ्याने थांबून पाहावी अशी आहे. नदीकाठचा रस्ता बांधाच्या माथ्यावरून जातो आणि गावाची मुख्य गल्ली बांधाच्या आतल्या बाजूला, पायथ्याशी आहे. या दोहोंच्या मध्ये, उतारालाच टेकून, पहिली ओळ उभी आहे. या ओळीतल्या इमारतीला दोन तोंडे आहेत : वरचा मजला मागच्या बाजूने बांधावरच्या रस्त्याला लागून उघडतो आणि खालचा मजला पुढच्या बाजूने गल्लीत. नावेवरून किंवा गाडीवरून आलेला माल वरून आत घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला खाली विकायचा, अशी सोय त्यात होती. गल्लीवर दोन्ही बाजूंनी लाकडी सज्जे पुढे आलेले आहेत, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. गल्ली इतकी अरुंद आहे की समोरासमोरच्या सज्ज्यांतून सहज बोलता येते. बांधाच्या दृष्टीने ही रचना अडचणीची आहे हेही सांगितले पाहिजे. उतारावर घर टेकलेले असले की बांधाची तपासणी करता येत नाही, पाझर कुठून येतो हे दिसत नाही, आणि बांध रुंद करायचा तर जागा उरत नाही. आज कोणी असा नकाशा घेऊन आला तर तो पहिल्याच टेबलावर नामंजूर होईल. खालच्या मजल्यांच्या पायांत ओल राहते, खांब खचतात, आणि काही इमारती शेजारच्या इमारतीच्या आधाराने उभ्या आहेत हे त्यांच्या दारांच्या तिरक्या चौकटींवरून कळते.

गावाचे आयुष्य पिकांच्या वेळापत्रकावर चालत असे. वसंतात अ‍ॅस्परॅगसची काढणी, भर उन्हाळ्यात बार्टलेट जातीच्या नासपतीची तोडणी, हिवाळ्यात झाडांची छाटणी. हंगामात मजूर येऊन वस्ती हजार-दीड हजारांवर जाई, हंगाम सरला की पुन्हा ओसरे. त्यामुळे दहा-बारा रस्त्यांच्या शहरात असतील एवढ्या खाणावळी, किराणा दुकाने, मजुरांची वसतिगृहे आणि जुगाराचे अड्डे या एका गल्लीत होते. नाटकांसाठी ‘स्टार’ नावाचे थिएटरही होते. बहुसंख्य मजूर एकटे होते, कारण १८८२ च्या बंदीच्या कायद्याने बायको-मुले आणणे जवळपास अशक्य करून टाकले होते, आणि जुगाराच्या अड्ड्याला जे महत्त्व आले ते या एकटेपणामुळे. ‘दाई लॉय’ हा त्यांतला प्रसिद्ध अड्डा १९१६ च्या सुमारास सुरू झाला आणि १९५१ मध्ये राज्य सरकारच्या धाडीनंतर बंद पडला. आता तिथे संग्रहालय आहे. फॅन-टॅन हा तिथला आवडता खेळ. टेबलावर पांढऱ्या गुंड्यांचा ढीग वाटीखाली झाकायचा, पैसे लावून झाले की वाटी उचलायची, आणि खेळवणाऱ्याने बारीक वाकड्या काडीने चार-चार गुंड्या बाजूला ओढायच्या. शेवटी एक, दोन, तीन की चार उरतात यावर पैजेचा निकाल. दिवसभर वाफ्यात वाकून काम केलेली माणसे त्या टेबलाभोवती केवळ जुगारासाठी जमत नसत. बसायला खुर्ची, प्यायला चहा, गावाकडची खबर आणि हंगामात कुठे काम निघाले आहे याची बातमी तिथेच मिळत असे.

गाव केवळ चिनी होते असेही नाही. १९३४ मध्ये अल अदामी या इटालियन वंशाच्या माणसाने ली बिंग यांच्याकडून एक जागा घेऊन खाणावळ व दारूचा गुत्ता सुरू केला आणि तो आजही चालू आहे. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. गावाच्या तोंडाशी असलेले मजुरांचे वसतिगृह १९२१ पासून एक जपानी जोडपे चालवत होते. १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवण्यात आले, त्यात तेही गेले. ती इमारत आता राज्याच्या उद्यान खात्याकडे आहे आणि २००८ पासून तिथे संग्रहालय आहे. लॉकला जाणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर गाव ओसरू लागले. १९४३ मध्ये बंदीचा कायदा रद्द झाला आणि चिनी लोकांना नागरिकत्वाची वाट खुली झाली. इथेच जन्मलेली मुले तर आधीपासून नागरिक होतीच. ती शिकली आणि सॅक्रामेंटोला किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकरीला गेली. शेतात यंत्रे आली, जुगार बंद झाला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जमीन कायदा घटनाबाह्य ठरवला आणि १९५६ मध्ये मतदारांनी तो पुस्तकातूनही काढून टाकला. मग साहजिकच विचारावेसे वाटते की, त्यानंतर तरी लोकांनी आपापल्या घराखालची जमीन का घेतली नाही? याचे उत्तर भूमापनात आहे. कायद्याच्या नोंदीत संपूर्ण गाव हा एकच तुकडा होता. त्याचे भूखंड पाडून विकायचे तर कॅलिफोर्नियाच्या भूविभाजन कायद्याप्रमाणे रस्ते, सांडपाणी, हद्दी हे सगळे आजच्या निकषांत बसवून नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि शंभर माणसांच्या गावाला तो खर्च झेपणारा नव्हता. नगरपालिका असती तर हे काम तिने अंगावर घेतले असते. नगरपालिका नव्हती, आणि काउंटीपुढे लॉक ही कितीतरी वस्त्यांपैकी एक वस्ती होती.

१९७१ मध्ये गावाची राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नोंद झाली. १९७७ मध्ये लॉक कुटुंबाच्या वारसांकडून ही जमीन हाँगकाँगच्या एका विकासकाकडे गेली; नवी घरे आणि पर्यटनाचे आकर्षण उभारण्याचे बेत झाले, पण ते तडीला गेले नाहीत. १९९० मध्ये लॉकला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, जो अमेरिकेत वारशाला मिळणारा सर्वोच्च दर्जा आहे. तरीही घरात राहणाऱ्याच्या पायाखालची जमीन परक्याचीच होती. शेवटी सॅक्रामेंटोच्या गृहनिर्माण व पुनर्विकास यंत्रणेने २००१ मध्ये जमीन विकत घेतली, भूखंड पाडले, आणि २००४ पासून ते घरमालकांना विकायला सुरुवात झाली. इमारतींचे मूळ रूप जपण्याच्या अटी खरेदीखतातच घातल्या गेल्या. १९१५ साली ज्यांनी घरे बांधली, त्यांपैकी हा दिवस पाहायला बहुतेक कोणी उरले नव्हते. आज गावात शंभराहून कमी लोक राहतात आणि त्यांत चिनी वंशाचे मोजकेच आहेत.

आता दक्षिणेकडच्या त्या कालव्याबद्दल. १९५१ मध्ये केंद्रीय जलविकास खात्याने लॉक आणि वॉलनट ग्रोव्ह यांच्यामधून डेल्टा क्रॉस चॅनेल खोदला. सॅक्रामेंटो नदीचे गोडे पाणी स्नॉडग्रास स्लू आणि मोकेलम्नी नदीतून दक्षिणेकडे ट्रेसी शहराजवळच्या पंपांपर्यंत नेणे, आणि तिथून सॅन होआकिन खोऱ्यातील शेतीला देणे, हा त्याचा हेतू. दोन किलोमीटरहूनही कमी लांबीच्या या कालव्यावर साऱ्या राज्याच्या पाणीवाटपाचे राजकारण येऊन थांबते. त्याची दोन दारे नदीला पूर असताना लावून घेतात, नाहीतर पुराचे पाणी आतल्या बाजूच्या बेटांवर चढेल; आणि समुद्राकडे निघालेली सॅल्मन माशांची पिल्ले वाट चुकून आत शिरू नयेत म्हणून १ फेब्रुवारी ते २० मे या काळातही ती बंद ठेवतात. हे पाणी त्रिभुज प्रदेशाला वळसा घालून नेण्याची मोठी कालव्याची योजना मतदारांनी १९८२ मध्ये फेटाळली, तरी त्याच कल्पनेची नवी रूपे बोगद्याच्या स्वरूपात अधूनमधून येत असतात, आणि त्यांतील पाणी उचलण्याच्या जागा लॉकच्या वरच्या अंगाला, हूड आणि कोर्टलंडच्या परिसरात दाखवल्या जातात.

पुराच्या धोक्याबद्दल लोक नदीकडे बोट दाखवतात. सॅक्रामेंटो नदीवरचा बांध १९१७ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय पूरनियंत्रण प्रकल्पाचा भाग आहे आणि त्याची देखरेख बऱ्यापैकी होते. माझी काळजी पाठीमागच्या बाजूची आहे. १९८६ आणि १९९७ च्या पुरांत लॉकच्या पूर्वेला स्नॉडग्रास स्लूपलीकडचा मॅककॉर्मॅक-विल्यमसन पट्टा बुडाला, १९८६ मध्ये जवळचे टायलर बेटही बुडाले. म्हणजे पाणी मोकेलम्नी आणि मोठे धरण नसलेली कोसम्नेस या नद्यांकडून, गावाच्या खोलगट बाजूने चढू शकते. त्यात दक्षिणेकडच्या पीटच्या बेटांवर जमीन खचत चालली आहे. पाणी उपसून पीट कोरडे झाले की ते हवेशी संयोग पावून अक्षरशः नाहीसे होते, आणि काही बेटांचा तळ आता समुद्रसपाटीच्या पाच-सात मीटर खाली आहे. तिथे बांध फुटायला पूरही लागत नाही. १९७२ च्या जूनमध्ये फुटलेल्या बांधाने आयल्टन बुडवले आणि २००४ च्या जूनमध्ये जोन्स ट्रॅक्ट हे बेट बुडाले, दोन्ही वेळा पावसाळी पुराचा हंगाम नव्हता. लॉक स्वतः नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर असल्याने तितके खचत नाही, एवढी त्याची जमेची बाजू.

घरमालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा होतो. राष्ट्रीय पूरविम्याच्या नियमानुसार पूरप्रवण क्षेत्रातील घराची दुरुस्ती त्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्चाची असेल, तर ते घर पूररेषेच्या वर उचलावे लागते. लॉकमधील ऐतिहासिक इमारतींना, त्यांचा ऐतिहासिक दर्जा टिकणार असेल तर, यातून सूट मिळू शकते. दोन तोंडांची ती घरे उचलली असती तर बांधाशी असलेले त्यांचे नातेच तुटले असते. सूट मिळाली म्हणून पाणी अडत नाही, हे मात्र घर घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते. काउंटीने राज्याच्या निधीतून लॉक आणि शेजारच्या छोट्या गावांसाठी पूरसंरक्षणाचे पर्याय तपासले आहेत. पैसा थोडा असताना नदीकडचा बांध चकचकीत करण्याचा मोह होतो, कारण तो रस्त्यावरून दिसतो. माझ्या मते पहिला पैसा पूर्वेकडच्या बाजूला जावा, आणि त्याबरोबर मुख्य गल्लीच्या मागचा निचरा आणि पंप यांची व्यवस्था नीट व्हावी.

आगीचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. आयल्टनची आशियाई वस्ती १९२६ मध्ये जळाली, वॉलनट ग्रोव्हची चिनी वस्ती १९३७ मध्ये पुन्हा जळाली, आणि त्या दोन्ही ठिकाणी आज जे दिसते ते आगीनंतरचे बांधकाम आहे. लॉकची खांद्याला खांदा लावून उभी असलेली कोरडी लाकडी ओळ आजवर वाचली. तिथे घर घेण्याचा किंवा दुकान थाटण्याचा विचार असेल, तर व्यवहारापूर्वी विजेची तारजोडणी आणि शेजारच्या भिंतीशी असलेला सांधा जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि पूरविमा व आगीचा विमा यांचे दर आधी लेखी मागवावेत; खरेदीखतातील अटी काउंटीच्या नोंदणी कार्यालयात पाहायला मिळतात.